न झालेल्या कायद्याचे फूल

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वैशाखाच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे वळवाची वाट पाहणे सुरू होते आणि तिकडे मेपलच्या झाडांना नुकती पालवी फुटू लागते त्या सुमारास, राईतल्या पायवाटेच्या कडेचे एखादे पांढरेशुभ्र तिपाकळी फूल खुडण्यासाठी कोणी वाकलेच, तर त्याच्या सोबतचे माणूस, मग ते सात पिढ्या तेथे नांदलेल्या घराण्यातले असो अगर परवापरवा पुण्याहून किंवा लुधियान्याहून येऊन स्थायिक झालेले असो, त्याला हटकल्यावाचून राहत नाही. तोडणे बेकायदेशीर आहे, हे ते माणूस अशा स्वरात सांगते की ऐकणाऱ्याचा हात आपोआप मागे यावा. दंड किती, असे विचारले तर मात्र एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कोणी काही शे डॉलरांवर थांबतो, कोणी कैदेपर्यंत मजल नेतो, आणि हे कळले कोठून या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘शाळेत बाईंनी सांगितले होते’ एवढेच मिळते.

वास्तविक असा कायदा नाही, आणि कधी नव्हताही. १९३७ साली प्रांतिक विधिमंडळाने एक छोटासा अधिनियम करून या फुलाला, म्हणजे पांढऱ्या ट्रिलियमला, ऑन्टारिओचे पुष्पचिन्ह म्हणून मान्यता दिली, आणि तेवढ्यावरच ते थांबले. त्यात मनाई नाही, दंड नाही, जप्ती नाही, फिर्याद कोणी कोणावर करावी याची तरतूद नाही. प्रांतिक उद्यानांत व राखीव क्षेत्रांत कोणतीही वनस्पती उपटण्यास बंदी आहे आणि तिच्या पोटात ट्रिलियमही येते, परंतु ती बंदी गवताच्या काडीलाही तितकीच लागू आहे. २००९ साली एका आमदाराने या फुलाला खरोखरीचे कायदेशीर संरक्षण देण्याचे खाजगी विधेयक मांडले होते, तेही मंजूर झाले नाही. तरीसुद्धा ऑन्टारिओतील माणूस ते फूल तोडत नाही, आणि वाहन चालविण्याच्या परवान्यापासून आरोग्यपत्रापर्यंत सरकारी कागदावर त्याच फुलाची आकृती छापलेली तो खिशात घेऊन हिंडत असल्यामुळे, सरकारची आणि फुलाची काहीतरी आतली सोयरीक असली पाहिजे अशी त्याची समजूत कायम होते. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन या नगरांतील मराठी घरांतही मुले हा ‘कायदा’ शाळेतून घरी आणतात आणि आईवडिलांना शिकवतात. माझ्या मते त्या प्रांताच्या दप्तरात इतका इमानाने पाळला जाणारा दुसरा कायदा क्वचितच असेल.

पुष्पचिन्हाची ही निवड सुखवस्तू हौसेतून झालेली नव्हती. पहिल्या महायुद्धात युरोपच्या भूमीवर पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या थडग्यांवर लावता येईल असे एखादे राष्ट्रीय फूल ठरवावे, अशी चळवळ युद्धाच्या काळातच निघाली होती. राष्ट्रीय फूल ठरले नाही; त्या वाटाघाटींतून पुढे प्रांताचे फूल तेवढे निघाले. दक्षिणेकडे, सरहद्दीपलीकडच्या संयुक्त संस्थानांत, ओहायो राज्यानेही हेच फूल आपले रानफूल म्हणून स्वीकारले आहे. मरण पावलेल्या तरुणांच्या थडग्यावर लावण्यासाठी ज्याचा विचार झाला ते फूल लावून लवकर येणाऱ्यांपैकी मुळीच नाही, ही गोष्ट त्या चळवळीतल्या सद्गृहस्थांच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे.

ट्रिलियमचा सारा कारभार तीनाच्या हिशेबाने चालतो. वीतभर ते हातभर उंचीचा एक सरळ दांडा, त्याच्या माथ्यावर एकाच पातळीत चक्राकार पसरलेली तीन रुंद हिरवी पाने, त्यांच्या मधोमध आखूड देठावर किंचित कललेले एक फूल. त्याला हिरवी संदले तीन, पाकळ्या तीन, पुंकेसर बे त्रिक सहा, आणि मध्यभागी तीन कुक्षी. बेलाचे त्रिदल हाताळत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही, मात्र बेलाच्या तीन पर्णिका मिळून एक पान होते आणि येथे वनस्पतिशास्त्री सांगतात की ज्यांना आपण पाने म्हणतो ती पाने नव्हेतच, ते फुलाखालचे छद होत. जमिनीवर दिसतो तो केवळ पुष्पदंड, आणि वनस्पतीचे खरे खोड, म्हणजे मूलक्षोड, मातीखाली आडवे पडलेले असते. पाकळी दोन ते तीन बोटे लांब, कडेला हलकी लाट असलेली, आणि उमलल्या दिवशी इतकी स्वच्छ पांढरी की मेपलच्या गळून काळवंडलेल्या पाचोळ्यावर ती दुरूनही नजरेत भरते. दोनतीन आठवडे फूल टिकते. उतरणीला लागले की पांढऱ्यात गुलाबी छटा उतरू लागते, आणि ज्यांना ठाऊक नाही ते एकाच उतारावर दोन जातींची फुले पाहिल्याचे समाधान घेऊन घरी जातात.

काही फुलांच्या पाकळ्यांवर मधोमध हिरवे पट्टे असतात. पूर्वीच्या उद्यानरसिकांनी असली रोपे दुर्मीळ वाण म्हणून मोठ्या अभिमानाने जपली. पुढे असे निघाले की ते वाण नव्हे, ती व्याधी होय, आणि तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा नामक सूक्ष्मजीवामुळे ती होते.

शास्त्रीय नामकरणाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. लिनीअसने १७५३ साली ट्रिलियम ही प्रजाती स्थापन केली तेव्हा तिच्यात त्याने तीन जाती घातल्या, आणि हा योगायोगही तीनाचाच. मोठ्या पांढऱ्या फुलाचे वर्णन फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याच्या उत्तर अमेरिकेवरील ग्रंथात आले. तो ग्रंथ १८०३ साली प्रसिद्ध झाला, पण मिशो त्याच्या आदल्याच वर्षी मादागास्करमध्ये मरण पावला होता. पुढे १८०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिस्बरीने त्या फुलाला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. आज या गोतात सुमारे पन्नास जाती मोजतात. पैकी बहुसंख्य उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, थोड्या त्या खंडाच्या पश्चिमेला, काही जपान व भोवतालच्या मुलुखात, आणि एक खास हिमालयातली.  त्या हिमालयवासी भावंडाकडे पुढे यावयाचे आहे.

झाडांना पाने फुटण्यापूर्वीची जी काही आठवड्यांची मुदत असते, तिच्यावर या फुलाची सारी आर्थिक व्यवस्था उभी आहे. पानझडीच्या त्या अरण्यात हिवाळाभर बर्फ, आणि उन्हाळाभर मेपल-बीचच्या दाट छत्रामुळे जमिनीवर काळोखी सावली. बर्फ वितळणे आणि छत्र मिटणे यांच्या मधल्या अवकाशात ऊन थेट जमिनीपर्यंत पोचते, आणि तेवढ्यात ज्याला जे कमवायचे ते कमवावे लागते. शेजारची कित्येक फुले तर थोड्याच आठवड्यांत फुलून, फळून, पिवळी पडून पार नाहीशी होतात. ट्रिलियम मात्र आपली तीन पाने सावलीतही उन्हाळाभर टिकवते आणि मिळेल त्या कवडशावर मूलक्षोडात पुढील सालची बेगमी करीत राहते. म्हणूनच फूल खुडणे आणि तीन पानांसकट दांडा मोडणे यांत फार अंतर आहे. नुसते फूल गेले तर बी जाते, झाड राहते. पण फुलाचा देठ आखूड असल्यामुळे हौशी माणूस पुष्पगुच्छासाठी पानांखालूनच मोडतो, आणि मोडलेल्या दांड्याच्या जागी त्या वर्षी दुसरी पाने येत नाहीत. त्या झाडाला त्या सालचा वसूल शून्य.

ही तूट भरून निघावयाला किती काळ लागतो ते समजण्यासाठी बीपासून आरंभ केला पाहिजे. आषाढाच्या सुमारास फळ पिकून बी मातीत पडते. पुढचा वसंत येतो, पण मातीवर काही दिसत नाही. आत केवळ मूळ फुटलेले असते. आणखी एक हिवाळा अंगावरून गेल्यानंतर दुसऱ्या वसंतात एक अरुंद बीजपत्र वर येते. त्यानंतर काही वर्षे दर वसंताला एकच पान. मूलक्षोडात पुरेसा संचय झाला म्हणजे एकाच्या जागी तीन पाने, पण फूल नाही. आणि तीन पानांची आणखी काही वर्षे काढल्यावर पहिले फूल. सर्व काही अनुकूल असताना या सर्व प्रकाराला सात ते दहा वर्षे लागतात, प्रतिकूल असेल तर त्याहून किती तरी अधिक. त्यातही हा प्रवास एकाच दिशेचा नाही. हरणाने खाल्लेले, किंवा माणसाने मोडलेले झाड पुढच्या वर्षी फुलाऐवजी नुसतीच तीन पाने घेऊन येते, आणि फारच खालावले तर तीन पानांवरून एका पानावरही उतरते. हुद्द्यावरून खाली उतरविलेल्या कारकुनाप्रमाणे त्याला पुन्हा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

टोरांटोच्या भोवती शेतजमिनी मोडून जी नवी वसाहत पसरत आहे, तेथे बुलडोझर येण्यापूर्वी राईतली रानफुले मातीसकट उचलून सुरक्षित जागी लावणाऱ्या हौशी मंडळींपैकी एका वृद्ध बाईंनी असे उचललेले एक मूलक्षोड मला पाण्याखाली धुऊन दाखविले होते. अंगठ्याएवढे जाड, आले-हळदीच्या कुडीसारखे तपकिरी, आणि अंगभर जवळजवळ पडलेल्या आडव्या वळ्या. दर साली पुष्पदंड गळून पडतो तेथे एक व्रण राहतो. टोकाकडच्या पांढऱ्या टोकदार अंकुरापासून बाईंनी टाचणीने मागे मोजावयास सुरुवात केली आणि अठ्ठावीसपाशी त्या थांबल्या, कारण तेथून पुढचे टोक कुजून गेलेले होते. जुने टोक कुजत जावे आणि नवे पुढे सरकावे हा या मूलक्षोडाचा स्वभाव असल्याने, सर्वांत वयस्क झाडांचे जन्मसाल त्यांच्या अंगावर सापडतच नाही. मुळांना आणखी एक विद्या अवगत आहे: ती वर्षागणिक आकुंचन पावून मूलक्षोडाला खाली खेचतात, आणि म्हणून एका पानाचे बाळ मातीच्या वरच्या थरात असते तर जुनी झाडे चांगलीच खोल गेलेली असतात. बाईंनी ते मूलक्षोड पुन्हा होते त्याच खोलीवर पुरले, अंकुर कोणत्या बाजूस होता तेही जपून.

बियांच्या वाहतुकीचे कंत्राट मुंग्यांकडे आहे. ट्रिलियमच्या प्रत्येक बीला एका अंगाला पिवळसर पांढरा, तेलकट असा एक मांसल गोळा चिकटलेला असतो. फळ फुटून ओल्या पाचोळ्यावर बिया पडल्या की काही वेळातच एखादी टेहळणी मुंगी येते, स्पृशांनी बी चाचपते, जाते, आणि मग तिच्यामागोमाग दोघीतिघी येऊन बीला गोळ्याच्या बाजूने धरून ओढू लागतात. बी मुंगीपेक्षा फारसे लहान नसते. वाटेत पानाचे देठ आडवे आले की ओढणारी उलटी फिरून ढकलू लागते, आणि मदतीला आलेली बहुधा विरुद्ध दिशेलाच ओढत असते. या गोळ्यातील ओलेइक आम्ल आणि तज्जन्य स्निग्ध पदार्थ मेलेल्या किड्यांच्या अंगातही असतात. सारांश, मुंगी त्या बीला शाकाहारी नजरेने पाहतच नाही. तिच्या लेखी ती शिकार आहे. वारुळात नेऊन गोळा अळ्यांना खाऊ घालतात, आणि कठीण बी निरुपयोगी म्हणून उकिरड्यावर टाकतात. तो उकिरडा भुसभुशीत, सकस आणि उंदरांच्या नजरेआड असतो. ट्रिलियमला एवढेच हवे असते.

पण मुंगी बी नेते ती हात-दोन हात. फार झाले तर दहा मीटर. येथे एक जुने कोडे उभे राहते. वीस हजार वर्षांपूर्वी सारा ऑन्टारिओ बर्फाच्या प्रचंड थराखाली होता, आणि ते बर्फ मागे हटून दक्षिण ऑन्टारिओची भूमी मोकळी झाली त्याला बारा-तेरा हजार वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाही. एक पिढी दहा वर्षांची, आणि प्रत्येक पिढीला मुंगीची परमावधीची दहा मीटरांची मजल मिळाली असे उदार मनाने धरले, तरी बारा हजार वर्षांत हे फूल बारा किलोमीटर सरकावयाचे. ते तर शेकडो किलोमीटर उत्तरेला पोचले आहे. कोणी आणले?

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे जे उत्तर मिळाले ते हरणांच्या लेंड्यांतून. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या विष्ठेतून त्यांनी ट्रिलियमच्या बिया वेचल्या, त्या रुजतात हे दाखवले, आणि हरणाच्या पोटात अन्न किती वेळ राहते व तेवढ्या वेळात हरिण किती चालते याचा हिशेब घालून असे अनुमान काढले की क्वचित प्रसंगी एखादे बी तीन किलोमीटरांपेक्षाही दूर जाऊन पडत असले पाहिजे. शंभरातून एखादे बी जरी असे गेले, तरी हजारो वर्षांच्या वहीत तेच जमेला धरावे लागते. मुंगी वसाहत दाट करते. नवा मुलूख जिंकून देते ते हरिण.

आणि आज या फुलाचा सर्वांत मोठा शत्रूही हरिणच. युरोपियन वसाहतवाल्यांनी लांडगे आणि प्यूमा मारून संपवले, मग हरणेही इतकी मारली की विसाव्या शतकाच्या आरंभी संयुक्त संस्थानांत ती काही लाखच उरली. नंतर शिकारीवर बंधने आली, परंतु लांडगे परत आले नाहीत, आणि आज त्याच देशात हरणांची गणती कोटींत होते. हरणाला ट्रिलियम विशेष प्रिय. ते तीन पाने, फूल, सगळा माथा एका घासात खाते. आणि उंच, भरदार झाडे त्याला आधी दिसत असल्यामुळे फुलणारी पिढी आधी जाते. इलिनॉयमधील १९९४ च्या एका अभ्यासात तर ट्रिलियमच्या दांड्याची सरासरी उंची हेच हरणांच्या प्रमाणाचे मोजमाप म्हणून सुचविले होते: उंची बारा ते चौदा सेंटिमीटर भरली तर दर चौरस किलोमीटरला चार ते सहा हरणे, म्हणजे रानाला सोसवेल इतकीच. पिट्सबर्गजवळ फॉक्स चॅपल येथे ‘ट्रिलियम ट्रेल’ याच नावाचे एक उपवन आहे. ज्या फुलांसाठी त्याला ते नाव पडले, ती हरणांनी इतकी फस्त केली की विद्यापीठाच्या संशोधकांना तेथे कुंपणे घालून, आत काय वाचते आणि बाहेर काय उरते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागली. ऑन्टारिओतला माणूस वाकून फूल तोडत नाही याचे कौतुक करताना, हरणाला शाळेत कोणी काही सांगितलेले नसते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आमच्या शेतकऱ्याला मात्र या कथेतला दुसरा आरोपी ऐकून धक्का बसेल. तो म्हणजे गांडूळ. ज्या भूमीवर हिमयुगाचे बर्फ पसरले होते तेथे मूळची गांडुळेच उरली नव्हती. तिथल्या अरण्याने हजारो वर्षे गांडुळांविना आपला संसार थाटला, आणि हळूहळू कुजणाऱ्या पाचोळ्याचा जो जाड, दमट, स्पंजासारखा थर साचला त्यातच ट्रिलियमसारख्यांची बी रुजू लागली. युरोपातून रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून, जहाजांच्या नीरमातून, आणि पुढे मासे पकडणाऱ्यांच्या आमिषाच्या डब्यांतून गांडुळे तेथे गेली. मिनेसोटातील साखर-मेपलच्या राईंत संशोधकांनी त्यांची आगेकूच प्रत्यक्ष पाहिली आहे: गांडुळांची लाट पुढे सरकते तसा तो पाचोळ्याचा थर काही वर्षांतच खाऊन संपतो, खालची काळी माती उघडी पडते, आणि राईचा तळ ओसाड दिसू लागतो. गांडुळखताच्या प्रचारसभांना हजेरी लावलेल्या आपल्या मंडळींना हे पटविणे सोपे नाही. भर म्हणून लसणाच्या वासाची एक युरोपीय मोहरी याच राईंत शिरली आहे. तिच्या मुळांतून झिरपणारी द्रव्ये मातीतील ज्या बुरशीशी ट्रिलियमच्या मुळांची भागीदारी असते, तिलाच मारतात.

आता त्या खालच्या मूलक्षोडाची दुसरी बाजू. पूर्व अमेरिकेतील आदिवासी जमाती लाल ट्रिलियमचे मूलक्षोड प्रसूतीच्या वेदनांत आणि रक्तस्रावावर देत असत, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते त्यांच्याकडून उचलून ‘बेथरूट’ नावाने आपल्या औषधालयात आणले. त्या लाल फुलाला सडक्या मांसाचा वास येतो, माशांना बोलावण्यासाठी. ते घरात ठेवण्याचा मोह कोणाला होत नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कॉलेजात रसेल मार्कर हा रसायनशास्त्रज्ञ १९४० च्या सुमारास वनस्पतींतून संप्रेरके बनविण्याचा मार्ग शोधीत होता, तेव्हा त्याच्या हाती आलेल्या मुळांत हे बेथरूटही होते, आणि त्यातून त्याला डायोस्जेनिन मिळाले. हे द्रव्य म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखी स्टेरॉइड संप्रेरके बनविण्याचा कच्चा माल. पण ट्रिलियम लहान आणि मंद. कारखाना चालवावा इतके ते कोठून मिळणार? मार्कर मेक्सिकोत गेला, तेथील रानटी कणग्यांचे भले मोठे कंद त्याने गाठले, १९४४ साली ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली, आणि संप्रेरकांच्या साऱ्या उद्योगाचे केंद्र मेक्सिकोच्या जंगलांकडे सरकले. अमेरिकेतले ट्रिलियम वाचले ते, माझ्या समजुतीप्रमाणे, केवळ मेक्सिकोचा कंद मोठा होता म्हणून.

हिमालयात तसा कैवारी मिळाला नाही. तेथेही कणग्याच्याच गोतातील, सिंगली-मिंगली या नावाचा एक वेल डायोस्जेनिनसाठी इतका खणला गेला की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. मग पाळी आली नागछत्रीची.

नागछत्री म्हणजेच ट्रिलियमचे आपले भावंड. वनस्पतिशास्त्रज्ञ वालिखने तिला जे शास्त्रीय नाव दिले ते जॉर्ज गोवन यांच्यावरून. सहारनपूर येथील कंपनी सरकारच्या वनस्पती-उद्यानाचे हे पहिले अधीक्षक. ती बाग मूळची रोहिल्यांची, आणि १८०३ साली दौलतराव शिंद्यांनी अंतर्वेदीचा मुलूख इंग्रजांस लिहून देईपर्यंत सहारनपूर मराठ्यांच्या अंमलाखाली होते. १८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथ याने नागछत्रीला ट्रिलियमपासून वेगळी काढून तिची निराळी प्रजाती केली, आणि ती वेगळी की एकत्र हा वाटणीचा दावा पुढे दीडशे वर्षे चालू राहिला. काश्मिरापासून भूतानपर्यंत, अडीच ते पावणेचार हजार मीटर उंचीवर, देवदार-रई-तोशाच्या आणि खरशू ओकांच्या सावलीत, बर्फ वितळताच चैत्र-वैशाखात ती वर येते. कुलूच्या बंजार खोऱ्यातून जलोडी खिंडीकडे चढताना वाटेच्या वरच्या अंगाला, ओकाच्या बुंध्यापाशी साचलेल्या पाचोळ्यात तिची तीन पाने ओळखू आली ती ऑन्टारिओतली पाहिलेली होती म्हणून. फुलावरून ती ओळखू आली नसती. तेथे पांढऱ्या पाकळ्यांचा थाट नाही. जांभळट तपकिरी रंगाची, बारीक चिंधीसारखी सहा दले, संदल कोणते आणि पाकळी कोणती याचा भेदही नसलेली. पुढे तिला तांबडे फळ धरते.

मंदपणा मात्र कुळाचाच. आणि कुलूच्या त्या रानांत खोदल्याचे खड्डे, ताजे आणि जुने, बुंध्याबुंध्याशी दिसतात.

येथे कायदे खरे आहेत. १९२७ चा वन अधिनियम आहे, २००२ चा जैवविविधता अधिनियम आहे; राखीव रानातून वनौषधी न्यावयाची तर परवाना लागतो, नाक्यावर तो दाखवावा लागतो, विनापरवाना माल सापडला तर जप्ती होते, आणि जप्त केलेल्या पोत्यांच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत नागछत्रीची गणना धोक्यात आलेल्या जातींत केलेली आहे. गुन्हा आहे हे खोदणाऱ्याला ठाऊक नसते असे मुळीच नाही. पण कुलूत इंग्रजी अमलातील वन-जमाबंदीपासून गावोगावच्या कुटुंबांचे गवत, लाकूड आणि औषधी मुळ्यांचे हक्क कागदावर नोंदलेले आहेत. बापजाद्यांनी ज्या रानातून उघडपणे मुळ्या आणल्या, त्याच रानातला काही भाग १९९९ साली ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान म्हणून अंतिमतः जाहीर झाला तेव्हा तेथील हक्क रद्द ठरले. या खोदणाऱ्या माणसाला चोर म्हणणाऱ्या कायद्याविषयी त्याच्या मनात ममत्व कसे उपजावे, याचा विचार सिमल्यातील कोणत्याही फायलीत झालेला असेल असे मला वाटत नाही. ऑन्टारिओत त्या फुलापासून कोणाला एक पैसा मिळवायचा नव्हता, आणि म्हणून नुसत्या अफवेने काम भागले. येथे वर्षाकाठी रोख रक्कम हातात येण्याचे जे मोजके प्रसंग आहेत त्यांतला हा एक. मी ज्या घरी उतरलो होतो तेथील आजोबांना याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी नागछत्रीच्या गुणांच्या चार दंतकथा ऐकवल्या, त्यातल्या दोन स्त्रियांच्या देखत सांगण्याजोग्या नव्हत्या, आणि शेवटी म्हणाले की त्यांच्या लहानपणी ही मुळी कोणी विकत घेत नसे. व्यापारी आला तेव्हा ती मौल्यवान झाली.

त्यांच्याच बोलण्यात एक जुनी वहिवाट आली. पूर्वी मुळी काढावयाची ती भाद्रपदानंतर, फळ पिकून गळल्यावर, आणि काढताना अंकुराचे टोक मोडून त्याच खळग्यात परत पुरावयाचे. शास्त्रीय दृष्ट्या यात चूक काढण्याजोगे काही नाही; टोरांटोजवळच्या त्या बाईंनी जो अंकुर जपला होता तोच हा. परंतु दांडा आणि पाने सुकून गेल्यावर मुळी कोठे आहे ते दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या आधी शेजारच्या गावाची टोळी येऊन गेलेली असते. म्हणून आता खोदाई फुले असतानाच होते, बी धरण्याच्या आत. व्यापारी वजनावर भाव देतो, तेव्हा टोकही पोत्यातच जाते. या धंद्यात दलाल किती, माल शेवटी कोणत्या कारखान्यात पोचतो, हे आजोबांना माहीत नव्हते. पोते मोटारीत चढले की त्यांचा संबंध संपे. पुढच्या हंगामात तुम्ही जाणार का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, गुडघे चालत नाहीत, पण मुलगा जाईल. जवळपास काही उरलेले नाही, त्याला आता खिंडीच्या पलीकडे दोन मुक्काम करावे लागतात.